पहाटे गाडी धरत नव्हती: पिंपळगावजवळच्या एका छोट्या गॅरेजबद्दल

आमच्या घरी आठवड्यातले तीन दिवस पहाटे साडेचारला सुरू होतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नानांचं डायलिसिस असतं, नाशिकला, सातच्या पाळीला. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे मळ्यात आमचं घर, तिथून साडेपाचला निघालं की वेळेत पोहोचतो. उशीर झाला तर नानांच्या चार तासांतूनच वेळ कापला जातो, कारण त्याच मशीनवर पुढच्या पेशंटची पाळी असते. त्यामुळे यंदाच्या डिसेंबरात गाडी पहाटे धरेनाशी झाली तेव्हा माझ्यासाठी तो गाडीचा प्रश्न राहिलाच नव्हता.

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, 94 हजार किलोमीटर झालेली. लक्षण असं की सेल मारली की इंजिन जोरात फिरायचं, पण धरायचं नाही. सात-आठ सेकंद फिरवून थांबायचं, पुन्हा फिरवायचं. तिसऱ्या नाहीतर चौथ्या वेळी कसंबसं धरायचं, दोन-चार सेकंद थरथरायचं आणि मग जणू काही झालंच नाही अशी चालायची. एकदा सुरू झाली की नाशिकपर्यंत एकदाही कुरकुर नाही. परतीला दवाखान्याच्या आवारातही अर्ध्या सेलला सुरू. डॅशबोर्डवर चेक लाइट नाही. आणि निफाड तालुक्यातली थंडी तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पडवीतल्या थर्मामीटरवर त्या आठवड्यात पहाटे 7 ते 9 अंश दिसत होते, शेजारच्या बागेत द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून रात्री शेकोट्या पेटत होत्या. साहजिकच जो तो म्हणत होता, थंडीमुळे आहे, होतं असं.

आधी जिथे गाडी नेली तिथेही हेच सांगितलं. त्या जागेचं नाव लिहीत नाही. त्यांनी बॅटरी बदलली, 4,900. चारही प्लग बदलले, 1,050. थ्रॉटल साफ केला आणि टाकीत इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करायचं औषध ओतलं, दोन्हीचे मिळून 1,600. मजुरी 800. एकूण 8,350 रुपये. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. गाडी चौथ्या सेललाच धरली. फरक इतकाच की नव्या बॅटरीमुळे इंजिन आणखी जोरात फिरत होतं. परत गेले तर म्हणाले की आता इंजेक्टर काढून मशीनवर धुवावे लागतील, तेवढ्याने नाहीच भागलं तर इंजेक्टर बदलू. माझा राग पैशांपेक्षा त्या ‘नाहीच भागलं तर’वर होता. एकामागून एक सामान बदलत जायचं आणि गाडी कशाने सुरू होते ते बघायचं, याला शोधणं म्हणत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी असा प्रयोग वहीत लिहून आणला तर मी तो परत देते.

आता ज्या गॅरेजबद्दल लिहायचं आहे ते पिंपळगावहून निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका शेतीऔषधांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला आहे. बाहेरून बघितलं तर ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्तीची शेड वाटते, आणि निम्मं काम तेच आहे. मालक स्वतः मिस्त्री, हाताखाली दोन मुलं. मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, कारण हातात आहे ते काम वेळेत होत नाही असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मीही मिस्त्रीच म्हणते. खुणेवरून शोधणाऱ्याला सापडेल.

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा गाडी घेऊन या, असं ते म्हणालेच नाहीत. त्यांनी विचारलं, “मॅडम, गाडी थंडीमुळे धरत नाही, की उभी राहिल्यामुळे धरत नाही?”

या एका प्रश्नासाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन. मी गप्प झाले, कारण उत्तर माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात पहाट म्हणजे थंडी एवढंच होतं. पण रात्रभरात दोन गोष्टी होतात. गाडी गार पडते आणि गाडी दहा तास न हलता उभी राहते. यातली कुठली नडते हे वेगळं काढल्याशिवाय बाकी सगळं अंधारातलं काम. ते म्हणाले, “दुपारी शाळेतून निघताना कशी सुरू होते? तेव्हा ऊन असतं ना?” मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की तीन दिवस वहीत लिहा: किती तास उभी होती, बाहेर किती अंश होते, किती सेकंद सेल मारावी लागली. आणि एका पहाटे वेगळं करून बघा. चावी ऑनवर आणा, सेल मारू नका, दोन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा. मग सेल मारा.

वही अजून माझ्याकडे आहे. दहा तास उभी, 7 अंश: सेल चार वेळा, मिळून 26 सेकंद. चाळीस मिनिटं उभी, 24 अंश: लगेच. शाळेच्या आवारात सात तास उभी, 27 अंश, भर उन्हात: 4 सेकंद. या नोंदीपाशी मी थबकले. चार सेकंद म्हणजे फार नाही, पण 27 अंशांत निरोगी गाडीला एक सेकंदही लागू नये. म्हणजे थंडी नसतानाही ती उशीर करत होतीच, मला ऐकू येत नव्हतं इतकंच. शेवटची नोंद शुक्रवारची. दहा तास उभी, 8 अंश, चावी तीनदा ऑन-बंद करून मग सेल: दोन सेकंदांच्या आत धरली.

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून बारीक गुणगुण येते, ती मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. तो टाकीतला पेट्रोल पंप. चावी फिरवली की तो दोन सेकंद चालून रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर तयार करतो आणि सेल मारेपर्यंत थांबतो. तीनदा चावी फिरवली म्हणजे पंप तीनदा चालला, एरवीच्या तिप्पट. तेवढ्याने गाडी धरली याचा अर्थ ठिणगी ठीक, कॉम्प्रेशन ठीक, बॅटरी तर ठीकच. कमी पडत होतं ते पहिल्या दोन सेकंदांतलं पेट्रोल. एक रुपयाही न घेता, गाडी न बघता, फोनवरून त्यांनी मला इथपर्यंत आणलं.

ही युक्ती कोणालाही करता येते, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिली. मात्र तिला उपाय समजू नका. मी दोन आठवडे तशीच चालवते म्हणाले तर मिस्त्री म्हणाले, “ताई, नानांना घेऊन जाता ना? मग नका.” पंप आतून थकलेला असेल तर तो एखाद्या दिवशी टोलनाक्याजवळ बसेल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. मॅडमवरून ताईवर ते तेव्हाच आले.

शनिवारी संध्याकाळी गाडी नेली. गॅरेज रविवारी बंद असतं, पण रात्रभर उभी असलेलीच गाडी बघायला हवी म्हणून ते रविवारी पहाटे साडेसहाला शेड उघडायला तयार झाले. शनिवारी त्यांनी आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. मी म्हटलं, मग कॉम्प्युटरला सगळं ठीक दिसतंय. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते आधीच्या ठिकाणी कोणी सांगितलं नव्हतं: माझ्या गाडीसारख्या साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो. कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, प्रेशर आहे असं गृहीत धरून. प्रेशर नसलं तरी त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे चेक लाइट नाही म्हणजे बिघाड नाही असं होत नाही.

स्कॅनरचा उपयोग त्यांनी वेगळ्या कामासाठी केला, तो रविवारी पहाटे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत इंजिनच्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एकच दिसायला हवं, कारण सगळं सारखंच गार झालेलं असतं. दोन्ही 9 दिसले. पाण्याचा सेन्सर खोटं बोलून 40 दाखवत असता, तर कॉम्प्युटरने इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडलं असतं आणि लक्षण हुबेहूब हेच दिसलं असतं. हा सेन्सर स्वस्त असतो, म्हणून बरेच जण तो आधी बदलून बघतात. इथे एका मिनिटात, पाना न लावता, तो संशय मिटला. सेल मारताना बॅटरी 10.6 व्होल्टवर होती. 9.6 च्या खाली गेली तर बॅटरीकडे बघायचं, असा त्यांचा हिशेब.

पण खरं काम शनिवारी संध्याकाळीच झालं होतं, प्रेशर गेजवर. हा भाग मी स्टूल घेऊन बसून बघितला. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू ठेवलं, ते लाइनीतलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडलं, म्हणजे जोडणी उघडताना फवारा उडायला नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर शेजारी आणून ठेवला, मुलाला मोबाइल लांब ठेवायला लावला. मग टाकीकडून येणारी नळी आणि रेल यांच्यामध्ये गेज बसवलं. गेजच्या जोडणीला टाकीच्या बाजूने एक छोटा कॉक होता. त्या कॉकचं महत्त्व मला नंतर कळलं.

फ्यूज आणि वायर परत जोडून इंजिन चालू केल्यावर काटा साडेतीन बारवर (बार हे प्रेशरचं माप) गेला. माझ्या गाडीला कंपनीने तेवढंच दिलं आहे. म्हणजे पंपाचा जोर शाबूत होता. इंजिन बंद केलं. पाच मिनिटांत काटा 2.1 वर. दहा मिनिटांत 0.8. विसाव्या मिनिटाला शून्य. मिस्त्री म्हणाले, चांगल्या गाडीत तासाभराने या, काटा चांगला वर असतो, उलट इंजिन गरम असलं तर सुरुवातीला थोडा चढतोसुद्धा, कारण रेलमधलं पेट्रोल तापून फुगतं.

प्रेशर जातंय हे दिसलं, पण जातंय कुठे? बाहेर गळत नव्हतं, वास नव्हता. मग दोनच वाटा: मागे टाकीत, नाहीतर पुढे इंजेक्टरमधून थेंब थेंब इंजिनात. आधीच्या ठिकाणी मला इंजेक्टरचा खर्च सांगितला होता तो दुसऱ्या वाटेचा. इथे तो कॉक कामाला आला. पुन्हा पंप चालवून साडेतीन बार केलं आणि टाकीच्या बाजूचा कॉक बंद केला. आता पुढची बाजू, म्हणजे रेल आणि चार इंजेक्टर, एकटी पडली. अर्ध्या तासाने काटा 3.3 वर. इंजेक्टर धरून ठेवत होते. कॉक उघडला आणि काटा आमच्या डोळ्यांसमोर खाली यायला लागला. पेट्रोल मागे, टाकीत परत जात होतं.

मी घरी फोन करून नानांना सांगायला लागले की पंपाच्या तोंडाशी एक झडप असते, ती पेट्रोलला मागे येऊ देत नाही, ती गळतेय, म्हणून रात्रभरात सगळी नळी रिकामी होते आणि सकाळी पंपाला आधी नळी भरावी लागते. नानांनी मला मध्येच थांबवलं. “फूट व्हॉल्व्ह गेलाय म्हण की.” चाळीस वर्षं विहिरीवर मोटार चालवलेला माणूस. फूट व्हॉल्व्ह गळला की रात्री पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी पाइपात पाणी भरल्याशिवाय मोटार पाणी उचलत नाही. माझं तीनदा चावी फिरवणं म्हणजे तेच पाणी भरणं होतं. मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, शेतकऱ्यांना मी असंच समजावतो, तुम्ही शिक्षिका म्हणून तुम्हाला वेगळं सांगितलं.

एक शंका मला होती आणि ती वाचणाऱ्यालाही येईल. वीस मिनिटांत प्रेशर शून्य होत असेल, तर चाळीस मिनिटांनी गाडी लगेच कशी सुरू व्हायची? उत्तर असं की प्रेशर जाणं आणि नळी रिकामी होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चाळीस मिनिटांनी काटा शून्यावर असला तरी नळी पेट्रोलने भरलेली असते, पंपाने एक धक्का दिला की प्रेशर तयार. शिवाय इंजिन गरम असतं, त्याला पेट्रोल कमी पुरतं. दहा तासांनी नळीच रिकामी झालेली आणि वर इंजिन गार. गार इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल कितीतरी जास्त लागतं, कारण फवारलेल्यातलं बरंच गार भिंतींवर चिकटून बसतं, त्याची वाफ होत नाही. म्हणजे दुखणं उभं राहण्याचं, आणि थंडीने ते उघडं पाडलं. मार्चमध्ये कदाचित मला ते जाणवलंही नसतं, आणि पंप आणखी वर्षभर आतल्या आत झिजत राहिला असता.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दलही मी विचारलं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी लिहितं की वीस टक्के इथेनॉलमुळे जुन्या गाड्या बंद पडतायत. मी दहावीला सुप्त उष्णता शिकवते, म्हणून मला यातलं थोडं कळतं: इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता लागते, आणि नुसत्या इथेनॉलची 13 अंशांच्या खाली पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही. ब्राझीलमध्ये नुसत्या इथेनॉलवरही चालणाऱ्या गाड्यांना म्हणूनच वर्षानुवर्षं एक वेगळी छोटी पेट्रोलची टाकी असायची, थंडीत सुरू करण्यापुरती. तेव्हा माझा संशय अगदीच निराधार नव्हता. मिस्त्रींनी वाद घातला नाही. माझ्याच टाकीतलं 90 मिली पेट्रोल एका मोजपात्रात घेतलं, 10 मिली पाणी घातलं, झाकण लावून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. थोड्या वेळाने खालचा थर 10 वरून 28 च्या जवळ गेला होता. म्हणजे इथेनॉल वीस टक्क्यांच्या आसपास, पेट्रोल भरतो त्या पंपावर लिहिलेलं तेवढंच, भेसळ नाही. ते म्हणाले, “मळ्यावरच्या दोन पिकअप याच पेट्रोलवर, याच थंडीत, एका सेलला धरतात. इंधनामुळे दुखणं वाढलं असेल, पण दुखणं झडपेचं आहे.” इथेनॉलने जुने रबर कडक किंवा फुगीर होतात आणि जुन्या टाकीतला गाळ सुटतो, हेही त्यांनी लपवलं नाही. मला ही मापात बोलायची रीत फार आवडली. सगळं इथेनॉलवर ढकलून मोकळं होणं त्यांना सोपं होतं, मी तयारच होते.

रविवारी सकाळी मागची सीट उचलून झाकण काढलं आणि पंपाचं असेंब्ली बाहेर घेतलं. त्याच्या खालची जाळी तपकिरी झालेली, बोट लावलं तर बारीक गंजासारखी पूड. टाकीच्या तळातून काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत ठेवलं तेव्हा खाली दोनेक चमचे पाणी वेगळं दिसलं. त्यांनी विचारलं, टाकी किती भरता? मी दर वेळी पाचशेचं टाकायची, काटा नेहमी पावच्या खाली. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हा त्याच पेट्रोलने गार राहतो. टाकी सतत तळाला असेल तर पंप तापतो, तळचा गाळ ओढतो, आणि वरच्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. आता मी अर्ध्यावर आलं की भरते. आधी कोणी सांगितलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

टाकीच्या बाजूला गळायच्या दोन जागा असतात, पंपाची झडप आणि प्रेशर रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग), दोन्ही त्याच असेंब्लीत. पूर्ण असेंब्ली बदलली तर दोन्ही येतात, पण ती नऊ हजारांच्या घरात. मिस्त्रींनी पंप वेगळा काढून पुसला, त्याच्या बाहेर पडायच्या तोंडाला सायकलच्या हातपंपाची नळी जोडून उलट हवा दिली. हवा सरळ जाळीच्या बाजूने निघून गेली, अडलीच नाही. मग नव्या पंपाला तीच नळी लावली. दट्ट्या दाबला जाईना. मलाही हातात देऊन दाबायला सांगितलं. रेग्युलेटरलाही हवा देऊन बघितली, तो धरत होता. म्हणून फक्त पंप आणि जाळी बदलली. साडेतीन बार करून इंजिन बंद केलं आणि चहा घेऊन आलो. पाऊण तासाने काटा 3.1 वर होता.

बिल: तपासणी 700, पंप जाळीसकट 3,350, टाकीच्या तोंडाची नवी रबरी रिंग 280, मजुरी 1,100. एकूण 5,430. तपासणीचे पैसे वेगळे लावतात याबद्दल काही जण नाराज असतात असं मिस्त्री म्हणाले. मला उलट वाटतं. मी 8,350 सामानाचे दिले आणि काय बिघडलंय ते कळलं नाही. इथे 700 रुपये फक्त कळण्याचे दिले, आणि तेच सगळ्यात सत्कारणी लागले.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. काम झाल्यावर तीन दिवसांनी मी टाकी पूर्ण भरली तर पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच अडकला. परत नेली. असेंब्ली बसवताना किंचित फिरली होती, पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता दांडा टाकीच्या आतल्या पत्र्याला घासत होता. मिस्त्रींनी स्वतःची चूक आहे असं लगेच म्हटलं, चाळीस मिनिटांत नीट केलं, पैसे घेतले नाहीत. पण मला अर्धी रजा टाकावी लागली आणि तेवढ्यासाठी वर्गातल्या मुलांचा तास बुडाला. बसवल्यावर टाकी भरून एकदा तपासली असती तर हे टळलं असतं, आणि हे मी त्यांना सांगितलंही. दुसरं, बिल हाताने लिहिलेलं, त्यावर प्रेशरचे आकडे नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढले म्हणून आज इथे लिहू शकले. एवढं चांगलं मोजतात तर ते आकडे कागदावर द्यायला हवेत, पुढे गाडी विकताना किंवा दुसऱ्या गॅरेजला दाखवताना ते कामी येतात. तिसरं, बसायला जागा नाही. एक स्टूल आहे, ते मी अडवलं होतं. वयस्कर माणसाला घेऊन जाऊ नका. आणि फोन दुपारी उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करा. पंपाला सहा महिन्यांची हमी आहे, तोंडी.

हे सगळं धरूनही मी त्यांच्याकडेच जाईन. काम झाल्यापासून नऊ पहाटा झाल्या, त्यातल्या दोन 6 अंशांच्या. वहीत अजून लिहिते: एक सेकंद, एक सेकंद, एक सेकंद. नाना रोज पहाटे दारात उभे राहून सेल ऐकतात आणि मगच मफलर गुंडाळून गाडीत बसायला येतात. पूर्वी ते आधी येऊन बसायचे, आणि गाडी धरली नाही की गार सीटवर तसेच बसून राहायचे, मला काही न बोलता. ते मला फार लागायचं.

तुमची गाडी घेऊन जाणार असाल तर जाण्याआधी तीन दिवसांच्या नोंदी करून न्या, मिस्त्री पहिल्यांदा तेच विचारतात. गाडी आदल्या संध्याकाळी सोडायची तयारी ठेवा, सकाळी चालवत नेलेल्या गरम गाडीत हे दुखणं दिसत नाही आणि ते तशी गाडी तपासायला घेतही नाहीत. आणि शक्यतो जानेवारी संपायच्या आत जा. फेब्रुवारीपासून द्राक्षांचा माल निघायला लागतो, तेव्हा त्यांच्या शेडमध्ये पिकअपची रांग लागते आणि ज्याचा माल गाडीत भरून उभा आहे त्याचं काम ते आधी करतात.